गर्भाशयमुखाची तपासणी: पाड्यावरच्या बायकांना फोनवरून बोलावताना

गर्भाशयमुखाचा कॅन्सर एकाएकी होत नाही. एचपीव्ही नावाचा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक जणींच्या शरीरातून आपणहून निघूनही जातो. काही जणींच्यात तो ठाण मांडतो, गर्भाशयमुखाच्या पेशी हळूहळू बदलू लागतात आणि त्या बदलांचा कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. एवढ्या मोठ्या काळात बाई तपासणीच्या टेबलावर आली, तर ते बदल कॅन्सर होण्याआधीच सापडू शकतात आणि काही मिनिटांच्या उपचाराने काढून टाकता येतात. असं असूनही २०२२ साली भारतात अंदाजे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि जवळपास ८० हजार बायका त्याने गेल्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या बायका फक्त १.९ टक्के निघाल्या.

देशाची सरासरी ही अशी. धडगाव, अक्कलकुवा, धारणी, भामरागड, मोखाडा या तालुक्यांतल्या पाड्यांवर काय असेल, हे तिथे काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. हा लेख त्यांच्यासाठीच आहे: आशाताई, आरोग्यसेविका, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, संस्थांचे कार्यकर्ते, बचत गटाच्या अध्यक्षा, आश्रमशाळेतल्या शिक्षिका. पाड्यावर आज निदान दोन-चार घरांत तरी फोन असतो. त्या फोनवरून बाईला बोलावता येतं, तिची भीती कमी करता येते, ठरलेल्या दिवसाची आठवण देता येते आणि सुटलेली बाई पुन्हा गाठता येते. तपासणी मात्र कुणाच्या तरी हातानेच होते. ही दोन कामं नीट जोडली गेली नाहीत, तर फोनचा काही उपयोग नाही.

म्हणून सुरुवात फोनपासून करू नका. पहिला निरोप जाण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन चार गोष्टी पक्क्या करा. तपासणी कोण करणार, ती व्यक्ती बाई आहे का, खोलीला दार-पडदा आहे का, आणि दोष आढळला तर पुढचा उपचार कुठे आणि कोणत्या दिवशी होणार. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यानुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर ५ वर्षांनी ही तपासणी व्हायला हवी आणि त्यासाठी व्हीआयए ही साधी पद्धत ठरवलेली आहे. बाई पाठीवर झोपते, गुडघे दुमडते, सिस्टर स्पेक्युलम लावून गर्भाशयमुख पाहतात, त्यावर सौम्य अ‍ॅसिटिक आम्लात भिजवलेला बोळा लावतात आणि साधारण मिनिटभर थांबतात. बदललेल्या पेशी असतील तर तिथे पांढरा चट्टा उठतो. निकाल लगेच कळतो. प्रयोगशाळेची गरज नाही, वीज नसली तर चांगला टॉर्च पुरतो. चट्टा छोटा आणि योग्य जागी असेल तर थर्मल अब्लेशन या छोट्या उपकरणाने त्याच दिवशी उपचार करता येतो. चट्टा मोठा असेल किंवा शंका असेल तर कॉल्पोस्कोपीसाठी, म्हणजे गर्भाशयमुख भिंगातून पाहण्यासाठी, जिल्हा रुग्णालयात पाठवावं लागतं. ही वाट ठरलेली नसताना बाईला बोलावलं, तर ‘तुझ्यात काहीतरी आहे’ एवढंच ऐकून ती घरी परत जाते. त्यापेक्षा महिनाभर थांबलेलं बरं.

व्हीआयए कितपत भरवशाची, हा प्रश्न तुम्हाला डॉक्टरही विचारतील. त्याचं उत्तर आपल्याच राज्यात शोधलं गेलं आहे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेसोबत १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास केला. २००९ साली त्याचे निष्कर्ष आले. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. एकदाच केलेल्या व्हीआयएचा मात्र तेवढा परिणाम दिसला नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना चांगलं प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत व्हीआयए केली. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. यातून माझ्या मते एकच अर्थ निघतो. व्हीआयए करणारा हात तयार हवा आणि तीच बाई पुन्हा पुन्हा आली पाहिजे. तिला पुन्हा आणायचं तर ती सापडली पाहिजे. फोन नंबराची खरी किंमत इथे कळते.

फोन कोणाच्या हातात असतो?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत स्वतः वापरायचा मोबाईल असलेल्या बायका देशात ५४ टक्के आणि ग्रामीण भागात जेमतेम ४७ टक्के होत्या. डोंगराळ पाड्यावर फोन बहुधा नवऱ्याचा किंवा मोठ्या मुलाचा असतो, तो दिवसभर त्याच्यासोबत शेतावर किंवा कामावर जातो, आणि रिचार्ज संपला की येणारे फोनही बंद पडतात. सिम दर वर्षा-दोन वर्षांनी बदलतं. रेंज टेकडीवर किंवा शाळेच्या ओट्यावर एका कोपऱ्यात येते. त्यामुळे नुसता नंबर लिहून भागत नाही. आशाताई ३० वर्षांपुढच्या लोकांचा सीबॅक फॉर्म भरतातच. अंगावरून घाण वास येणारं पाणी जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये, पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त जाणं, हे प्रश्न त्यात आहेत. त्याच वेळी वहीत आणखी चार नोंदी करा: हा फोन कोणाचा, तो घरात किती वाजता असतो, या फोनवर तब्येतीचं बोललेलं चालेल का, आणि हा लागला नाही तर दुसरा कोणाचा. ‘चालेल का’ हा प्रश्न बाईला एकटीला विचारा, सासूसमोर नाही. ती नको म्हणाली तर त्या नंबरवर फक्त ‘ताईंना माझ्याकडे यायला सांगा’ एवढाच निरोप द्या.

लेखी मेसेजवर विसंबू नका. वाचता येणाऱ्या बाईलाही कंपन्यांच्या मेसेजांच्या गर्दीत तुमचा मेसेज दिसत नाही, आणि तो मराठीत असला तरी तिची भाषा पावरी, कोरकू, माडिया किंवा वारली असू शकते. आवाजाचा निरोप पाठवा. हे काही नवं नाही. गरोदर बायकांना दर आठवड्याला आवाजी निरोप देणारी किलकारी सेवा २०१६ मध्ये सुरू झाली आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रातही आली, म्हणजे दवाखान्याकडून फोनवर आवाज येतो ही गोष्ट अनेक घरांना ठाऊक आहे. त्याच्याही आधी, २०१० मध्ये, छत्तीसगडमध्ये शुभ्रांशु चौधरी यांनी सीजीनेट स्वर सुरू केलं. एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, मग तिकडून फोन येतो, त्यावर गोंडीत आपलं म्हणणं नोंदवायचं किंवा दुसऱ्यांचं ऐकायचं. बोलणाऱ्याचा एक पैसाही खर्च होत नाही. हा एक धडा उचलण्यासारखा आहे. त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. उपकेंद्राचा किंवा संस्थेचा एक नंबर ठेवा, त्यावर मिस्ड कॉल आला की संध्याकाळी एखादी ताई परत फोन करेल असं पाड्यावर सांगा, आणि ती खरंच करेल याची काळजी घ्या.

निरोपात काय असावं?

आवाज त्याच भागातल्या बाईचा असावा. शक्य तर स्वतः तपासणी करून घेतलेल्या बाईचा. निरोप पाऊण मिनिटाच्या आत संपला पाहिजे. मराठीत असा मसुदा करता येईल, मग तो तिथल्या भाषेत त्या बाईलाच आपल्या शब्दांत बोलू द्या:

‘जोहार बाई. मी तुमची आशा बोलतेय. येत्या गुरुवारी आपल्या दवाखान्यात तिशीच्या पुढच्या बायकांची तपासणी आहे. सिस्टरच करतात, आत पुरुष माणूस नसतो. पाच-दहा मिनिटं लागतात. कापत नाहीत, इंजेक्शन देत नाहीत, पिशवी काढत नाहीत. पैसे लागत नाहीत. पाळी चालू असेल तर त्या दिवशी येऊ नका, मला सांगा, पुढची तारीख देते. मी सकाळी नऊला फाट्यावर उभी असेन. सगळ्या मिळून जाऊ.’

यात आजाराचं नाव घेतलेलं नाही, कारण फोन स्पीकरवर लावून घरभर ऐकला जातो. ते नाव लपवायचं मात्र नाही. दवाखान्यात, टेबलावर जाण्याआधी, ही तपासणी कशासाठी आहे, काय दिसू शकतं आणि नको असेल तर ती नाही म्हणू शकते, हे तिला तिच्या भाषेत सांगायचंच.

‘पिशवी काढत नाहीत’ हे वाक्य कोणत्याही परिस्थितीत गाळू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. सरकारी पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजार ८०० हून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरं जातंय, पुढे कॅन्सर होईल, अशी भीती घालून शस्त्रक्रिया केल्याचं बायकांनी सांगितलं. ती बातमी आणि तिच्यामागचा अनुभव उसाच्या फडातून दूरवर पोचलेला आहे. दवाखान्यात खाली तपासायला बोलावतात म्हटलं की पिशवी जाणार, ही भीती अज्ञानातून आलेली नाही, ती घडलेल्या गोष्टीतून आली आहे. तिला उत्तर द्यायचं तर उपचार कसा असतो हे स्पष्ट सांगावं लागतं: चट्टा दिसला तरी बहुतेक वेळा तो कॅन्सर नसतो, तेवढ्याच जागेवर उपचार होतो, पिशवी जागच्या जागी राहते.

बोलण्यापेक्षा पाहिलेलं जास्त पटतं. तुमच्या स्वतःच्या दवाखान्याचा एक मिनिटाचा व्हिडिओ फोनवर काढा. दार, पडदा, टेबल, सिस्टरांचा चेहरा, त्यांच्या हातातलं स्पेक्युलम आणि ते कसं उघडतं एवढंच. कोणतीही रुग्ण त्यात नको. हा व्हिडिओ पाठवत बसू नका, आशाताईंच्या फोनमध्ये ठेवा आणि अंगणात चार बायका बसल्या की दाखवा. त्याला रेंज लागत नाही, रिचार्ज लागत नाही. फोनच्या साऱ्या उपयोगांमध्ये मला हा सगळ्यांत कामाचा वाटतो.

पुरुषांसाठी वेगळा, छोटा निरोप करा. बाईला एक दिवस मोकळा द्या, उपचार झाला तर महिनाभर संबंध नको, एवढंच त्यात हवं. तो एखाद्या पुरुषाच्या, पोलीस पाटलाच्या किंवा शिक्षकाच्या आवाजात असावा. मेळघाटात भूमका, गडचिरोलीत पुजारी अशा गावच्या पारंपरिक वैदूंना आधी भेटून सगळं दाखवा. त्यांचा विरोध नसला तरी निम्मं काम होतं.

निरोप गेल्यानंतर

टांझानियातल्या किलिमांजारो आणि अरुशा भागात एक अभ्यास झाला. काही बायकांना या तपासणीबद्दल फक्त एक मेसेज गेला, काहींना समजावणारी मेसेजांची मालिका गेली, आणि काहींना मेसेजांसोबत गाडीभाड्याचं व्हाउचरही मिळालं. तपासणीला आलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ४.३, १२.९ आणि १८ टक्के होतं. मेसेजांनी फरक पडला, भाड्याने आणखी पडला, आणि तरीही शंभरातल्या ब्याऐंशी जणी आल्या नाहीत. फोनकडून किती अपेक्षा ठेवायची ते या आकड्यांवरून ठरवा.

आपल्याकडे मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, हे निरोपात सांगा. जिथे एसटी जात नाही तिथे ग्रामपंचायत, संस्था किंवा बचत गटाकडून जीपचं भाडं आधी ठरवा. तपासणी आठवडे बाजाराच्या दिवशी ठेवली तर बाई त्या गावाला येणारच असते, तिची वेगळी मजुरी बुडत नाही. दोन दिवस आधी एक फोन करा आणि पाळीचं विचारा. पाळी आली म्हणून दहा किलोमीटर चालून परत गेलेली बाई पुन्हा येत नाही.

हंगाम पाहा. दिवाळीनंतर सातपुड्यातली, पालघरातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीवर जातात आणि होळीला किंवा पावसाच्या तोंडावर परततात. निरोपांची वेळ त्यावरून ठरवा: एक फेरी दिवाळीच्या आधी, दुसरी होळीच्या दिवसांत, सगळी माणसं गावात असताना. चट्टा सापडलेली बाई उपचाराविना स्थलांतरावर जाऊ नये, याकडे विशेष लक्ष द्या. ती गेलीच तर तिचा स्वतःचा किंवा सोबतच्या बाईचा नंबर घ्या. मुकादमाचा घेऊ नका. तिच्या तब्येतीची माहिती कामावर ठेवणाऱ्याकडे जाण्याचं कारण नाही.

निकाल फोनवर कधीच सांगू नका, चांगला असला तरी. चांगला निकाल फोनवर सांगायची सवय लावली, तर ‘समोर येऊन बोलू’ या शब्दांचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला कळतो. निकाल टेबलावरून उतरल्यावर तिथेच, एकटीला सांगा. उपचारानंतर मात्र फोन जरूर करा. उपचार झाल्यावर काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो, तो साहजिक असतो. हे माहीत नसलेली बाई घाबरते आणि पाड्यावर सगळ्यांना सांगते. ताप, घाण वास किंवा जास्त रक्त असेल तर लगेच दवाखान्यात आणा.

काही ठिकाणी फोनच्या कॅमेऱ्याने गर्भाशयमुखाचा फोटो काढून तज्ज्ञाला दाखवतात. पद्धत चांगली आहे, पण तो फोटो प्रशिक्षित सिस्टरने, बाईची परवानगी घेऊन, त्या कामासाठी ठेवलेल्या उपकरणावरच काढायचा. कोणाच्या खाजगी फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो जाता कामा नये. नावांच्या याद्याही ग्रुपवर टाकू नका, ‘तपासणी बाकी’ अशी यादीसुद्धा नाही. मोबाईलवरून होणाऱ्या फसवणुकीमुळे अनोळखी फोनची धास्ती आहेच, म्हणून प्रत्येक निरोपात सांगा की आम्ही कधीही ओटीपी, आधार किंवा बँकेची माहिती विचारत नाही.

संमतीबद्दल इतकं बोलण्याचं कारण आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही लसीचा प्रकल्प झाला. त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या आणि अनेक जणींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस उपयोगी होती. विश्वास गेला तो विचारल्याशिवाय केल्यामुळे.

तपासणीच्या टेबलाचीच लाज वाटणाऱ्या बायकांसाठी एक वाट पुढे येते आहे. एचपीव्ही चाचणीचा नमुना बाई आडोशाला जाऊन मऊ ब्रशने स्वतः घेऊ शकते. न्यूझीलंडमध्ये पूर्वी तपासणीला न येणाऱ्या माओरी बायकांना हा पर्याय दिला, तेव्हा येणाऱ्यांचं प्रमाण अडीच पटींहून अधिक वाढलं आणि सप्टेंबर २०२३ पासून तो त्या देशाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातच आला. तुमच्या जिल्ह्यात एखाद्या रुग्णालयाने किंवा संस्थेने ही चाचणी सुरू केली असेल तर आग्रहाने मागा. नमुना कसा घ्यायचा हे दाखवायला फोनवरचा व्हिडिओ उत्तम. तिचा निकाल मात्र उशिरा येतो, म्हणजे बाईला पुन्हा गाठण्याची जबाबदारी वाढते.

हिशेब ठेवताना किती फोन केले हा आकडा पहिल्या रकान्यात ठेवू नका. किती जणी आल्या, किती जणींना चट्टा होता, आणि त्यातल्या किती जणींचा उपचार पूर्ण झाला, हे तीन रकाने हवेत. तिसरा रकाना दुसऱ्याइतका झाला नाही, तर नवे निरोप थांबवा आणि आधी त्या बायकांच्या घरी जा. कॅन्सरच निघाला तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार होतात. रेशन कार्ड आणि आधार तयार ठेवायला मदत करा आणि पहिल्या खेपेला कोणीतरी सोबत जा.

सगळा तालुका एकदम घेऊ नका. पुढच्या ग्राम आरोग्य व पोषण दिवसाला एका पाड्यातल्या तिशीच्या पुढच्या दहा बायकांची यादी करा, त्यांच्या फोनच्या नोंदी घ्या, आरोग्य केंद्रातून एक तारीख मागून घ्या आणि त्यांच्यातल्याच एकीच्या आवाजात पहिला निरोप नोंदवा. तुमची स्वतःची तपासणी राहिली असेल, तर त्या यादीत पहिलं नाव तुमचं लिहा.